एसएनएफचं फंक्शन: भाचीच्या प्रकल्पाच्या नोंदी

शनिवार, ४ जानेवारी २०२५

दुपारी भाचीनं लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोटो पाठवला. खाली लाल ओळींची रांग आणि सोबत मेसेज: "मामा, तेवीस एरर आलेत. विषय बदलून घेऊ का?"

विषय बदलू नये असं मला मनापासून वाटतं. पहिल्या वर्षाला तिला सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आहे, त्यात छोटा प्रोजेक्ट करायचाय. वर्गात बहुतेकांनी कॅल्क्युलेटर नाहीतर लायब्ररी घेतली, हिनं घरचं घेतलं. संगमनेर तालुक्यात दाजींचं दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ कॅन येतात, फॅट लागते, लॅक्टोमीटरवर डिग्री लागते, त्यावरून एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), एसएनएफवरून दर, दरावरून रक्कम आणि दर दहा दिवसांनी बिल. हे सगळं ती लहानपणापासून बघत आली आहे. पहिला टप्पा म्हणून तिनं एकच फंक्शन, म्हणजे एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, लिहिलंय: डिग्री, म्हणजे सीएलआर, आणि फॅट द्यायची, एसएनएफ परत घ्यायचा. सूत्र दाजींच्या तक्त्यावर आहेच. सीएलआर भागिले ४, अधिक फॅटच्या ०.२१ पट, अधिक ०.३६. शेवटचा आकडा डेअरीगणिक बदलतो, त्यांच्या डेअरीचा हा आहे.

कुठे काय बसवलंय ते आजच लिहून ठेवतो, कारण गोंधळ तिथूनच होणार. तिच्या घरच्या लॅपटॉपवर कोड लिहायचं कोडब्लॉक्स २०.०३, त्याच्याबरोबर येणारा जीसीसी ८.१ हा कंपायलर, म्हणजे कोड तपासून मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम. कॉलेजच्या लॅबमध्ये, जुने डॉस प्रोग्रॅम चालवणाऱ्या डॉसबॉक्सच्या खिडकीत टर्बो सी++ ३.०, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा, निळ्या स्क्रीनचा. माझ्याकडे पुण्यात फेडोरा लिनक्सवर जीसीसी १४. भाषा एकच, तपासणारे तीन.

फोनवर एवढंच ठरवलं की फोटो पाठवायचा नाही, एरर मोठ्यानं वाचून दाखवायचा, तोही फक्त सगळ्यात वरचा. कंपायलर पहिल्या चुकीला अडखळला की पुढचं सगळं तो वाट चुकल्यासारखा वाचत असतो, त्यामुळे खालच्या तक्रारी खऱ्या असतीलच असं नाही. आणि कोडची एकही ओळ मी लिहून देणार नाही, हेही सांगितलं. तिला ते थोडं लागलं. पण मी लिहून दिलं तर प्रोजेक्ट माझा होईल, आणि दूध तिच्या घरचं आहे.

रविवार, ५ जानेवारी

सकाळचं संकलन आटोपल्यावर, साडेनऊला, कॉल. फोनवर कोड जसा वाचला तसाच इथे लिहितोय.

पहिला एरर ओळ पाचवर: "एक्स्पेक्टेड आयडेंटिफायर ऑर ( बिफोर { टोकन".

"ओळ पाच वाच."

"नुसता महिरपी कंस आहे मामा. उघडलेला."

"त्याच्या वरची?"

"फ्लोट, एसएनएफ, कंसात इंट सीएलआर, स्वल्पविराम, फ्लोट फॅट, कंस पूर्ण, सेमीकोलन."

इंट म्हणजे पूर्णांक, फ्लोट म्हणजे अपूर्णांकाची संख्या. चूक होती तो शेवटचा सेमीकोलन. तो का टाकला विचारलं तर ती म्हणाली, "प्रत्येक ओळ सेमीकोलननं संपवायची असं शिकवलंय." शिकवणाऱ्यानं नक्कीच ओळ म्हटलं नसेल, विधान म्हटलं असेल, म्हणजे एक पूर्ण आज्ञा. पण नवख्या माणसाला ओळ दिसते, विधान दिसत नाही. फंक्शनच्या डोक्यावरच्या ओळीला सेमीकोलन दिला की कंपायलर समजतो, "या नावाचं फंक्शन आहे, एवढंच सांगायचं होतं," आणि विषय संपवतो. मग पुढच्या ओळीवर महिरपी कंस उघडतो तेव्हा त्याला धनीच उरलेला नसतो. म्हणून तो म्हणतो, इथे मला नाव हवं होतं, हा कंस कुठून आला?

मी एवढं सांगून थांबलो. ती जरा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "म्हणजे दूध ओतायच्या आधीच कॅनला झाकण लावलं." मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

सेमीकोलन काढला, परत कंपाइल केलं, आणि तेवीसचे चोवीस झाले.

इथे तिचा धीर सुटला. चूक दुरुस्त केली तर एरर वाढले कसे? पण हे अगदी बरोबर घडत होतं. आत्तापर्यंत कंपायलरनं फंक्शनचं पोट वाचलंच नव्हतं. धनी नसलेला कंस बघून त्यानं तो पूर्ण भाग ओलांडून टाकला होता. आता त्याला फंक्शन ओळखू आलं, तो पहिल्यांदा आत शिरला आणि आतल्या दोन चुका त्याला दिसल्या. एक गेला, दोन आले. एररचा आकडा वाढला म्हणजे आपण मागे गेलो असं नव्हे, हे तिला नीट पटेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो. वेळ गेला, पण आजचं खरं काम तेच होतं.

आतल्या दोन चुका पटकन सुटल्या. वर फॅटचं स्पेलिंग लहान एफनं होतं, आत सूत्रात मोठ्या एफनं. सीच्या लेखी ती दोन वेगळी नावं. जीसीसीनं तर "डिड यू मीन" म्हणून लहान एफवालं नाव सुचवलंही होतं, पण तिची नजर लाल रंगाच्या पुढे गेली नव्हती. दुसरी चूक रिटर्नच्या वरच्या ओळीत खराखुरा सेमीकोलन राहिल्याची. जीसीसी ८ हे चांगलं दाखवतो: बाण सेमीकोलन जिथे हवा होता तिथेच, आधीच्या ओळीच्या टोकाला. टर्बोमध्ये "स्टेटमेंट मिसिंग ;" येतं आणि पट्टा पुढच्या ओळीवर पडतो, म्हणून लॅबमध्ये ती रिटर्नच्या निर्दोष ओळीकडे बघत बसायची. लॅबसाठी तिनं वहीत लिहून घेतलं: "पट्टा जिथे, त्याच्या वरची ओळ आधी बघ."

उरले बावीस.

मंगळवार, ७ जानेवारी

बावीसही एकाच मुळाचे निघाले.

वरचा एरर: "स्ट्रे \३४२ इन प्रोग्रॅम". त्याच्याखाली स्ट्रे \२००, मग स्ट्रे \२३४. ती म्हणाली, "मामा, माझ्या प्रोग्रॅममध्ये ३४२ हा आकडाच नाहीये." खरंच नव्हता. स्क्रीनवर मजकूर छापणाऱ्या प्रिंटएफच्या तीन ओळी तिनं वर्गाच्या नोट्समधून, वर्डच्या फाइलमधून, कॉपी करून आणल्या होत्या. वर्ड साधं अवतरणचिन्ह आपणहून बाकदार करून टाकतो, उघडणारं वेगळं, मिटणारं वेगळं. सीला फक्त सरळ, दोन उभ्या रेघांचं चिन्ह कळतं. बाकदार चिन्ह फाइलमध्ये तीन बाइटचं असतं आणि जीसीसी ८ त्या प्रत्येक बाइटची वेगळी तक्रार करतो, तीही अष्टमान पद्धतीच्या आकड्यात: ३४२, २००, २३४. मिटणाऱ्या चिन्हाचा शेवटचा आकडा २३५. एका ओळीत दोन चिन्हं, म्हणजे सहा एरर. तीन ओळींचे अठरा. बाकीचे चार त्या ओळी फुटल्यामुळे आलेले.

तिन्ही ओळी हातानं परत टाइप करायला लावल्या. बावीसचे शून्य.

एक उपयोगाची खूण तिला सांगितली, ती इथेही असू दे. स्ट्रेच्या पुढे ३४२ असेल तर बहुधा बाकदार चिन्ह किंवा लांब डॅश. ३४० आणि त्यानंतर २४४ किंवा २४५ असेल तर देवनागरी अक्षर शिरलंय. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि ४ च्या जागी देवनागरी चार पडला, की ३४०, २४५, २५२ अशी तिघांची रांग येते. आपल्याकडे हे हमखास होतं आणि स्क्रीनवर आकडा दिसायला बरोबरच दिसतो.

त्यावरून तिनं विचारलं, "मग व्हेरिएबलचं नाव मराठीत देताच येत नाही का?" तिच्या ८.१ वर नाही. जीसीसी १० पासून येतं. मी माझ्याकडे १४ वर फॅट हे नाव देवनागरीत लिहून बघितलं, विनातक्रार कंपाइल झालं. तिला स्क्रीन दाखवली तर किती तरी वेळ बघत राहिली. लॅबमध्ये चालणार नाही, म्हणून प्रोजेक्टमध्ये घेतलं नाही. पण ती ओळ तिनं जपून ठेवली आहे.

शून्य एरर झाल्यावरही प्रोग्रॅम चालला नाही: "अनडिफाइन्ड रेफरन्स टु सीएलआरएससीआर". टर्बोची सवय. स्क्रीन पुसायचं ते फंक्शन टर्बोच्या कोनियो नावाच्या फाइलमध्ये असतं, कोडब्लॉक्सबरोबरच्या कोनियोमध्ये नसतं. कंपायलरनं नुसती वॉर्निंग देऊन सोडलं, तुकडे जोडून प्रोग्रॅम तयार करणाऱ्या लिंकरला ते कुठेच सापडलं नाही म्हणून तो अडला. ती ओळ काढली. कंपायलर आणि लिंकर हे दोन वेगळे टप्पे आहेत हे तिला यामुळे पहिल्यांदा कळलं.

शनिवार, ११ जानेवारी

दुसरं फंक्शन आलं: दर. फॅट आणि एसएनएफ द्यायचे, लिटरचा दर घ्यायचा. गायीच्या दुधाचा पाया ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, त्याच्या खाली गेलं की कपात. फंक्शन तिनं एकटीनं लिहिलं आणि मेनच्या, म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या फंक्शनच्या, खाली ठेवलं.

घरी कोडब्लॉक्सवर: दर वापरला त्या ओळीवर वॉर्निंग, "इम्प्लिसिट डिक्लरेशन". खाली, फंक्शन जिथे लिहिलंय तिथे एरर, "कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स फॉर दर". ती खालच्या लाल ओळीकडे बघत होती. वरची ओळ लाल नाही म्हणून तिनं सोडून दिली होती.

लॅबमध्ये टर्बोवर तीच फाइल: "फंक्शन दर शुड हॅव अ प्रोटोटाइप". फाइल सीपीपी नावानं जतन झाली होती, म्हणजे टर्बो ती सी++ म्हणून वाचत होता.

माझ्याकडे १४ वर: वापरलं त्याच ओळीवर थेट एरर, "इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन".

एक चूक, तीन वाक्यं. तिन्ही तिला वहीत एकाखाली एक लिहायला लावली आणि विचारलं, तिघं मिळून काय सांगतायत? तिचं उत्तर: "दरची ओळख करून न देता त्याला कामाला लावलं." बरोबर.

पण मग ८.१ वर "कॉन्फ्लिक्टिंग" का, हे तिनं सोडलं नाही, आणि त्या प्रश्नाचं मला फार बरं वाटलं. सी कंपायलर फाइल वरून खाली वाचत जातो. मेनमध्ये त्याला दर दिसलं, ज्याचं नाव त्यानं ऐकलेलं नव्हतं. जुन्या सीचा नियम असा की अनोळखी फंक्शन दिसलं तर ते इंट परत देतं असं धरून चालायचं. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये सी घडवली ती केन थॉम्पसन यांच्या बी या भाषेतून, आणि बीमध्ये प्रकारच नव्हते, सगळं एकाच मापाचं. त्या घराण्याची ही सवय सीमध्ये राहिली. १९८९ च्या मानकातही ती होती. १९९९ च्या मानकानं ती काढली, तरी जीसीसी जुन्या कोडसाठी नुसती वॉर्निंग देत राहिला. मे २०२४ मध्ये १४ आला, तेव्हा कुठे ती एरर झाली. म्हणजे तिच्या ८.१ नं मेनमध्ये मनाशी धरलं, दर इंट देतो. खाली आल्यावर बघतो तर दर फ्लोट देतो. स्वतःच धरलेलं आणि समोर दिसलेलं जुळेना, म्हणून कॉन्फ्लिक्ट.

उपाय: फाइलच्या डोक्यावर दरची ओळख, म्हणजे प्रोटोटाइप. फंक्शनची पहिली ओळ जशीच्या तशी, आणि शेवटी सेमीकोलन.

"झाकणासकट?"

"इथे झाकणासकट."

गेल्या रविवारी जो सेमीकोलन चूक होता तोच आज बरोबर आहे, आणि का, ते तिचं तिला सांगता येतंय.

जाता जाता कोडब्लॉक्सच्या कंपायलर सेटिंगमध्ये सगळ्या नेहमीच्या वॉर्निंग चालू करण्याची चौकट आहे, ती टिक करायला लावली. वॉर्निंगची ओळही वाचायची, असं ठरलं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. काम नाही. ताईनं केलेल्या गुळाच्या पोळ्यांचा फोटो आला. फोटो पाठवायला आज मुभा होती.

शनिवार, १८ जानेवारी

आजची चूक नीट लिहून ठेवायलाच हवी, कारण हिच्यापायी मुलं कंपायलरच काढून टाकतात.

एसएनएफच्या फंक्शनमध्ये तिनं एक चांगली भर घातली: फॅट शून्य किंवा त्याखाली असेल तर सूचना छापायची आणि शून्य परत द्यायचं. मशीनची नळी धुतल्यावर कधी कधी पाण्याचा नमुना तसाच लागतो, हे तिनं केंद्रावर पाहिलंय. इफ लिहिला, महिरपी कंस उघडला, आत दोन ओळी लिहिल्या. मिटवायचा राहिला.

एरर आला ओळ ५८ वर, "एक्स्पेक्टेड डिक्लरेशन ऑर स्टेटमेंट अ‍ॅट एंड ऑफ इनपुट". ओळ ५८ ही फाइलची शेवटची ओळ, मेन आणि दर दोन्हींच्या खाली. तिथे बघण्यासारखं काहीच नाही. तिनं विचार करून ओळखलं की कुठेतरी कंस कमी पडतोय, आणि शेवटी एक मिटणारा कंस टाकला. एरर गेला.

त्याच्या जागी आलं: "अनडिफाइन्ड रेफरन्स टु विनमेन".

हा शब्द तिच्या प्रोग्रॅममध्ये नाही, पुस्तकात नाही, कुणी वर्गात बोललेलं नाही. तिला वाटलं विंडोजच बिघडलं. मला फोन केला तेव्हा कोडब्लॉक्स काढून परत टाकायची तयारी झाली होती. म्हटलं, काढू नकोस, लॅपटॉपला काहीही झालेलं नाही.

झालं होतं ते असं. इफचा कंस मिटलाच नाही, म्हणून एसएनएफ फंक्शनच्या शेवटचा कंस इफच्या वाट्याला गेला. एसएनएफ उघडंच राहिलं. मग त्याच्या खाली लिहिलेलं मेन एसएनएफच्या पोटात गेलं, दरही गेलं. फंक्शनच्या आत फंक्शन लिहिणं सीच्या मानकात बसत नाही, पण जीसीसी ते स्वतःची सवलत म्हणून चालवून घेतो. क्लँग हा दुसरा कंपायलर असता तर मेनच्या ओळीवरच अडवून म्हणाला असता, इथे फंक्शन लिहायला परवानगी नाही. जीसीसी गप्प राहिला आणि फाइल संपेपर्यंत एसएनएफचा कंस मिटण्याची वाट बघत बसला. म्हणून एरर शेवटच्या ओळीवर. तिनं शेवटी कंस टाकल्यावर कंपायलरचं समाधान झालं, पण आता मेन हे एसएनएफच्या घरातलं फंक्शन झालं, बाहेरच्याला न दिसणारं. लिंकर सुरुवात कुठून करायची ते शोधायला निघाला, त्याला मेन सापडेना. विंडोजवर मेन नसेल तर खिडक्यांच्या प्रोग्रॅमचा विनमेन असेल, असं समजून तो ते शोधतो. तेही नाही. म्हणून तक्रार विनमेनच्या नावानं.

हे सगळं आधी सांगितलं असतं तर ती ऐकून विसरली असती. म्हणून आधी एवढंच करायला लावलं: शेवटचा टाकलेला कंस काढ, कोडवर राइट क्लिक कर आणि अ‍ॅस्टाइल या ओळी नीट मांडणाऱ्या साधनानं फॉरमॅट कर.

फॉरमॅट झालं. म्हटलं, आता काही वाचू नकोस, फक्त डावा समास बघ. वरपासून खालपर्यंत कोणकोणत्या ओळी समासाला चिकटल्यात?

"इन्क्लूडच्या. प्रोटोटाइप. फ्लोट एसएनएफ." मग थांबली. "मामा, मेन आत सरकलंय. चार घरं."

"का सरकलं असेल?"

इफपर्यंत ती एकटी पोचली. कंस मिटवला, फॉरमॅट केलं, मेन परत समासाला येऊन बसलं. एरर शून्य, वॉर्निंग शून्य. पलीकडे दाजींचा आवाज आला, "जमलं का गं?" ती "जमलं" म्हणाली ते मला फोनवर स्पष्ट ऐकू आलं, आणि खरं सांगतो, दिवसभराचा माझ्या कामाचा शीण उतरला.

आजपासून तिची पद्धत: कंस उघडला की लगेच मिटवायचा, मग मध्ये जाऊन लिहायचं.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन करून आल्यावर तिनं खरी परीक्षा घेतली. अ‍ॅनालायझर हे दूध तपासायचं मशीन यायच्या आधीची दाजींची जुनी वही आणि भिंतीवरचा तक्ता काढला. फॅट ४.०, डिग्री २८. प्रोग्रॅम म्हणाला ८.२०. तक्त्यात ८.२०. मला लगेच मेसेज: "जुळलं!"

मी म्हटलं, तीच फॅट ठेव, डिग्री २९ घाल. ८.२०. तीस घाल. ८.२०. एकतीस? ८.२०. तक्त्यात मात्र ८.४५, ८.७० आणि ८.९५.

यावेळी एरर नाही, वॉर्निंग नाही, वाचून दाखवायला काहीच नाही. मला ही वेळ हवीच होती. तीन आठवडे ती कंपायलरला मास्तर समजत आलीय. मास्तर गप्प बसला की उत्तर बरोबर, असं तिच्या मनात घट्ट बसलेलं.

"मामा, चार वेगळ्या डिग्रीला एकच एसएनएफ कसा येईल? एकतीस डिग्रीवाल्याचं नुकसान होईल की." तिला चूक दिसली ती पैशात दिसली. ८.५ च्या खाली गेलं की कपात. ८.९५ वाल्या चांगल्या दुधाला प्रोग्रॅम ८.२० लावून दर कापणार होता.

मग कागदावर हातानं करायला लावलं, पायरी पायरीनं, प्रत्येक पायरीचा प्रकार बाजूला लिहून. सीएलआर इंट, ४ इंट. इंटला इंटनं भागलं की सी उत्तरही इंटच देतो, अपूर्णांक टाकून. २८ भागिले ४ सात. २९ भागिले ४ सात, ३० भागिले ४ सात, ३१ चेही सातच. पुढे फॅटच्या फ्लोटमध्ये मिळवलं तरी सांडलेलं परत येत नाही. तिनं पहिल्यांदा २८ घेतली, तिला चारनं नीट भाग जातो, म्हणून चूक लपली.

४ च्या जागी ४.० केलं. चारही ओळी तक्त्याशी जुळल्या. मग वहीतली दोन पानं तिनं एकेक करून तपासली. मी सांगितलं नव्हतं.

बुधवार, २९ जानेवारी

लॅबमध्ये टर्बोवर दाखवायचा दिवस. कंट्रोल-एफ९ दाबलं, एकही एरर नाही. ११ लिटर, दर ३५ रुपये. पैशांत हिशेब ठेवायचा म्हणून दर ३५०० पैसे, रक्कम इंटमध्ये. घरी उत्तर ३८५०० येत होतं. लॅबमध्ये आलं उणे २७०३६.

"मामा, दूध घालून शेतकऱ्याच्याच अंगावर पैसे निघाले."

टर्बोचा इंट १६ बिटांचा. जास्तीत जास्त ३२७६७, म्हणजे पैशांत मोजलं तर ३२७ रुपये ६७ पैसे. ३८५०० त्यात मावत नाही, म्हणून त्यातून ६५५३६ वजा झालेला आकडा दिसतो. घरचा इंट ३२ बिटांचा, तिथे ही रक्कम सहज मावते. लॅबमधल्या सरांनी तिला मुदत वाढवून दिली, हे चांगलं झालं.

शनिवार, १ फेब्रुवारी

रक्कम लाँग, म्हणजे मोठा पूर्णांक मावणारा प्रकार, केली, तरी लॅबमध्ये उणेच. शुक्रवारी तिनं तिथूनच फोन करून विचारलं. गुणाकारात लिटर इंट, दर इंट, म्हणजे गुणाकार आधी इंटमध्येच होतो आणि तिथेच सांडतो. लाँगमध्ये ठेवेपर्यंत ठेवायला बरोबर काही उरलेलंच नसतं. चारवाल्या भागाकाराचंच हे भावंड, आणि ते तिनं माझ्याआधी ओळखलं. दरही लाँग केला.

घरी कंपाइल केल्यावर एक वॉर्निंग: फॉरमॅट टक्के-डी, म्हणजे आकडा कसा छापायचा ती खूण, इंट मागतो, दिलंय लाँग इंट. ही तिनं आपणहून वाचली आणि टक्के-एलडी केलं. टर्बो याबद्दल चकार शब्द काढत नाही, तिथे चुकीचा आकडा छापून मोकळा झाला असता.

आज सकाळी लॅबमध्ये आणि घरी, दोन्हीकडे ३८५००. संध्याकाळच्या संकलनानंतर तिनं दाजींसमोर वहीतल्या ओळी एकेक घातल्या. त्यांनी चष्मा लावून तक्ता बघितला, पेन्सिलीनं हिशेब केला आणि अकरा लिटरच्या ओळीसमोर बरोबरची खूण केली.

बाकी: दहा दिवसांचं यादीसारख्या अ‍ॅरेमध्ये भरायचं, लिटर अपूर्णांकात घ्यायचे, एका उत्पादकाची बेरीज. फेब्रुवारीचं पहिलं बिल १० तारखेला आहे.